श्रीलंकेच्या डोंगरगाडीचे बनावट तिकीट आणि ४४,००० रुपयांची व्हॅन

श्रीलंकेत सहल कंपनीशिवाय, हात राखून खर्च करत फिरणाऱ्यांना तिथल्या नेहमीच्या युक्त्या ठाऊक असतात. ‘आज देवळात हत्तींचा उत्सव आहे’ असे सांगून रिक्षात बसवणारे, तिथून रत्नांच्या दुकानात उतरवणारे, मसाल्यांच्या बागेत फुकट मालिश करून शेवटी तेलाची बाटली गळ्यात मारणारे, हे सगळे आम्हांला ठाऊक होते आणि त्या सगळ्यांना आम्ही चुकवलेही होते. म्हणून ‘एवढेही कळले नाही का’ हे वाक्य ज्यांच्या ओठांवर येईल त्यांनी पुढचे नीट वाचावे. आम्हांला फसवले गेले ते सरकारी आगगाडीच्या तिकिटावर, आणि तिकीट हा त्या फसवणुकीचा केवळ पहिला, स्वस्त भाग होता.

रक्कम आधीच सांगून टाकतो. बनावट तिकिटांचे १७,००० आणि व्हॅनचे २७,०००, असे एकूण ४४,००० श्रीलंकन रुपये आमच्या खिशातून गेले. ऑगस्ट २०२५ च्या दराने ते पावणेतेरा हजार भारतीय रुपयांच्या आसपास होतात. कोणाला ही रक्कम हसण्यासारखी वाटेल. लाल सरकारी बसमधून फिरणाऱ्या, पंख्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि दोघांत मिळून दिवसाला ११,००० च्या आत भागवणाऱ्या निवृत्त जोडप्याचा तो चार दिवसांचा खर्च होता. अनुराधापूर, सिगिरिया आणि दांबुल्ला आम्ही बसनेच केले होते आणि एकाही कंडक्टरने आम्हांला एका रुपयानेही फसवले नव्हते, हेही इथे नोंदवले पाहिजे.

कँडीहून एल्लाकडे जाणारी गाडी ज्यांनी चित्रात पाहिली आहे, त्यांना ती का हवी असते हे सांगायला नको. कॉफी आणि पुढे चहा खाली उतरवण्यासाठी ब्रिटिशांनी बांधलेला हा लोहमार्ग १८६७ मध्ये कँडीला आणि १९२४ मध्ये बदुल्लाला पोहोचला. आज त्यावर चहापेक्षा पर्यटकच अधिक वाहिले जातात. आरक्षण ३० दिवस आधी उघडते आणि उघडताच संपते. ते इतक्या लवकर कसे संपते, हा तिथल्या सरकारलाही पडलेला प्रश्न आहे; २०२५ च्या सुरुवातीला याच मार्गाच्या ई-तिकिटांच्या काळ्या बाजाराची चौकशी होऊन अटकाही झाल्या होत्या. ही बातमी मी निघण्यापूर्वी वाचली होती आणि तिचा मी नेमका उलटा अर्थ काढला: अटका झाल्या, म्हणजे आता बाजार स्वच्छ झाला असेल.

ज्या स्थानकाबाहेर हे घडले त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हा प्रकार एकाच ठिकाणी चालतो असे समजून कोणी दुसऱ्या स्थानकावर बेसावध राहायला नको. कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीचा उत्सव, नुकताच संपला होता आणि सगळी गर्दी डोंगराकडे वळली होती. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता आरक्षित जागा नसल्याचे सांगितले आणि आम्ही वळलो, तर मागे पन्नाशीचा, पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ उभा होता. त्या ओळखपत्रावर काय लिहिले होते ते मी वाचले नाही. मी फक्त गळ्यातली पट्टी पाहिली. तो बऱ्यापैकी हिंदी बोलत होता, माझ्या पत्नीला ‘दीदी’ म्हणत होता, आणि त्याने पैशांची गोष्ट स्वतःहून काढलीच नाही. एका गटाने दुसऱ्या दिवशीच्या दोन जागा रद्द केल्या आहेत, दुसऱ्या वर्गात, खिडकीच्या, एवढेच तो म्हणाला. एका जागेचे ८,५००, हा आकडा मला विचारून काढावा लागला. जो माणूस पैसे मागायची घाई करत नाही तो सचोटीचा, हा समज ज्याने कोणी पसरवला त्याने माझ्यासारख्यांचे फार नुकसान केले आहे.

संध्याकाळी मोबाइलवर तिकीट आले. पाहताक्षणी पत्नी म्हणाली, “अहो, हा नंबर आपल्या पासपोर्टचा नाही.” माझा सगळा जन्म बँकेत सह्या आणि क्रमांक ताडून पाहण्यात गेला, त्यामुळे क्रमांक आपला नाही हे मलाही दिसत होते. भारतीय पासपोर्टवर आधी एक अक्षर आणि मग सात आकडे असतात. इथे नऊ आकडे आणि शेवटी ‘व्ही’ हे अक्षर होते. ही श्रीलंकेच्या नागरिकांच्या जुन्या ओळखपत्राची रचना आहे. मी त्या गृहस्थाला विचारले, आणि तो एजंटचा क्रमांक आहे, परदेशी माणसाचे तिकीट एजंटच्या क्रमांकावरच निघते, असे उत्तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले. आमचे आडनावही एका अक्षराने चुकले होते. पण आडनावाचे चुकीचे स्पेलिंग हा आम्हा मराठी माणसांचा नेहमीचाच भोग आहे, तेवढ्यावरून कोणी संशय घेत नाही. मी १७,००० रुपये रोख मोजून दिले.

खरी खूण याहून ठळक होती आणि ती आठवली की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. तिकीट एल्लापर्यंतचे होते, आणि ‘दीदींना बसल्या जागेवरून नऊ कमानींचा पूल दिसेल’ असे तो वारंवार सांगत होता. तो पूल एल्लाच्या पुढे, देमोदराच्या बाजूला आहे. एल्लाला उतरणाऱ्याची गाडी त्या पुलावर जातच नाही, तो पाहायला गावातून चालत जावे लागते. हे मी नकाशावर आधीच पाहिले होते, वहीत टिपून ठेवले होते, आणि वही त्या क्षणी माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत होती. मात्र ज्या गाडीसाठी महिनाभर आधी संगणकासमोर बसूनही हात हलवत परतावे लागले, तिच्या दोन खिडक्या अचानक समोर आल्यावर पुलाची भौगोलिक उलटतपासणी किती जणांनी केली असती, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.

दुसऱ्या दिवशी फलाटाच्या दारावरच्या माणसाने मोबाइलकडे ओझरते पाहून आत सोडले. गाडी कोलंबोहून येते. आमच्या जागांवर कोलंबोचे एक कुटुंब आधीपासून बसले होते. त्यांतल्या वयस्क गृहस्थांनी आपले तिकीट काढले आणि माझ्या तिकिटाशेजारी धरले. जागा त्याच, आणि क्रमांकही तोच, नऊ आकडे आणि ‘व्ही’. तो क्रमांक त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्राचा होता. त्यांच्या खऱ्या तिकिटाच्या प्रतीवर फक्त नाव बदलून ते मला विकले गेले होते. त्यांनाही जागा मिळाल्या नव्हत्या म्हणून त्यांनीही कोणा मध्यस्थामार्फतच, जादा पैसे देऊन ते घेतले होते. म्हणजे एकच माल दोघांना विकला गेला, फक्त त्यांना अस्सल मिळाला. तिकिटावर स्वतःचा पासपोर्ट क्रमांक नसेल तर ते तिकीट नव्हे. पुढे कोणी कितीही गोड खुलासा केला तरी ऐकू नका.

गार्ड सभ्य होता. त्याने आम्हांला आरक्षित डब्यातून उठवले, पण गाडीतून उतरवले नाही. अनारक्षित डब्यात दोन पायांवर उभे राहायलाही जागा नव्हती आणि पत्नीच्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. मी त्या गृहस्थाला संतापून संदेश पाठवला आणि त्याचे उत्तर लगेच आले, हीच गोष्ट मला तेव्हा दिलासा देणारी वाटली. पळून जाणारा माणूस उत्तर देत नाही, असा माझा हिशेब होता. यंत्रणेतल्या गोंधळाने दोनदा आरक्षण झाले, मी फार शरमिंदा आहे, असे त्याने लिहिले. वाटेतल्या नानु ओया स्थानकावर उतरा, तिथे माझ्या भावाची व्हॅन आहे, एल्लापर्यंतचे भाडे ४४,००० होते, पण तिकिटाचे १७,००० त्यातून वजा करून तुम्ही फक्त २७,००० द्या.

हे वाक्य पुन्हा वाचा. त्याने आमचे पैसे परत दिले नाहीत; एका फुगवलेल्या आकड्यातून वजा करून दाखवले, आणि वजाबाकी अगदी बरोबर होती. बनावट तिकीट हे नुसते गळाला लावलेले आमिष होते. पैसे व्हॅनमध्ये होते. नानु ओया ते एल्ला हे रस्त्याने साधारण ६० किलोमीटर अंतर आहे आणि एल्लातल्या आमच्या गेस्ट हाउसच्या मालकिणीच्या सांगण्याप्रमाणे आम्ही दिलेल्या २७,००० च्या निम्म्यात ती व्हॅन मिळाली असती. तीन वेळा बस बदलायची तयारी असती तर नुवारा एलिया, वेलिमडा, बंडारवेला असे करत काही शेकड्यांतच काम झाले असते. हे ज्ञान आम्हांला संध्याकाळी, चहाबरोबर मिळाले.

नानु ओयाच्या बाहेर चालक आमच्या नावाचा फलक घेऊन उभा होता. फलक छापलेला होता, हाताने लिहिलेला नव्हता, आणि त्यावर आमचे आडनाव तिकिटावर जिथे चुकले होते तिथेच चुकलेले होते. अडचण कळवल्यावर धावपळ करून आलेल्या माणसाच्या हातात छापील फलक कसा असेल, हा प्रश्न मला पडला तो नुवारा एलियाच्या एटीएमसमोर, चालक दार धरून उभा असताना, सामान त्याच्या गाडीत कुलूपबंद असताना. तेव्हा भांडण काढणे शहाणपणाचे होते असे ज्यांना वाटते त्यांनी परक्या गावात, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला सोबत घेऊन ते काढून दाखवावे. वाटेत चहाच्या एका दुकानासमोरही त्याने गाडी लावली. आम्ही उतरलो नाही. आणि ज्या टप्प्यासाठी लोक ही गाडी पकडतात तो, म्हणजे १,८९१ मीटर उंचीवरचे पट्टिपोला, ओहिया, इदालगशिन्नाची डोंगरधार, हापुताले, हा सगळा नानु ओयाच्या पुढेच आहे. तो आम्ही पाहिलाच नाही.

आता तक्रारीची कथा. पहिल्या पोलिस ठाण्यात सांगण्यात आले की पैसे दुसऱ्या गावात दिले गेले, तेव्हा तक्रार तिथे. व्हॅनचे पैसे कुठे दिले असे त्यांनी विचारले नाही. मीच सांगितले, तर ते तिसरेच गाव निघाले. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याने अत्यंत शांतपणे सांगितले की हे तिकीट आम्ही दिलेलेच नाही, सबब आमचा संबंध नाही. दुसऱ्या प्रवाशाच्या ओळखपत्राच्या क्रमांकासह खरे तिकीट बाहेरच्या माणसाच्या हाती गेलेच कसे, असे मी विचारले, आणि तो प्रश्न खोलीतल्या कोणालाही आवडला नाही. मला बसायला खुर्ची देणारा माणूस तिथून उठून गेला. ज्या ठाण्यात अखेर नोंद घेतली गेली तिथे चहा मिळाला, सहानुभूती मिळाली, ‘इंडियन क्रिकेट’वर दहा मिनिटे गप्पाही झाल्या, त्यानंतर एका मोठ्या वहीत सिंहली लिपीत काहीतरी लिहून घेण्यात आले आणि त्याखाली मला सही करायला सांगण्यात आले. न वाचलेल्या कागदावर सही करू नये हे मी आयुष्यभर खातेदारांना सांगत आलो. पण तोवर दुपारचे तीन वाजले होते, बस चुकणार होती, आणि मी सही केली. संशयिताचा फोन क्रमांक, छायाचित्र आणि व्हॅनचा क्रमांक मी देत होतो. फोन क्रमांक लिहून घेतला. बाकीचे ‘नंतर लागले तर’ पाठवा म्हणाले, कोठे पाठवायचे ते मात्र सांगितले नाही. पर्यटकांच्या तक्रारींसाठी १९१२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, ही माहिती त्या सगळ्या खुर्च्यांपैकी एकीवरूनही आली नाही. ती मला घरी परतल्यावर मिळाली. जाणाऱ्यांनी तो निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

ज्यांना आरक्षण मिळाले नाही त्यांना आणखी एक सांगतो, कारण तिकीट विकणारा हे कधीच सांगत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटे त्याच दिवशी, स्थानकाच्या खिडकीवर, अवघ्या काही शे रुपयांत मिळतात आणि ती ‘संपत’ नाहीत; फक्त जागेची हमी नसते. ज्यांना उभे राहणे झेपत नाही त्यांनी सबंध मार्गाचा हट्ट न धरता बसने नानु ओयाला यावे आणि तिथून पुढचा छोटा टप्पा गाडीने करावा. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या मोहातही पडू नये, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. आणि तिकिटाच्या अडचणीवर ज्याच्याकडे गाडीचा उपाय तयार असतो, त्याच्या गाडीत पाऊल ठेवू नये. बाहेर पडून समोर दिसेल त्या बसमध्ये बसावे.

प्रवास विमा आम्ही काढला होता. विमा कंपनीने पोलिस नोंदीची इंग्रजी प्रत मागितली. ठाण्याने प्रत दिली नव्हती, आणि मागितली तेव्हा ‘साहेब आल्यावर’ असे उत्तर मिळाले होते. प्रतीशिवाय पाठवलेल्या दाव्यावर कंपनीने दोन ओळींत कळवले की पैसे आपण स्वखुशीने दिलेले असल्यामुळे ती चोरी ठरत नाही. तेव्हा विमा काढताना फसवणूक त्यात धरली आहे का हे आधी वाचून घ्या, आणि ठाण्यात साहेब येईपर्यंत, मग त्यासाठी बस चुकली तरी चालेल, प्रत हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.