व्हिप स्कॉर्पियनसाठी काचपेटी : एक परीक्षण

विंचवासारखा दिसणारा, पण नांगी आणि विष दोन्ही नसलेला व्हिप स्कॉर्पियन पाळण्यासाठी ही काचपेटी मला योग्य वाटली, कारण तिच्या खोल तळात ओलसर मातीचा जाड थर बसतो आणि प्राण्याला स्वतःचे बीळ खणता येते. दिवसभर तो तिथेच दडतो. रात्री मात्र पुढच्या लांब, बारीक पायांनी (हे पाय चालण्यासाठी नसतातच) जमीन चाचपत कीटक शोधतो आणि दणकट पकडअवयवांनी त्यांना चिरडतो. स्वच्छ काचेतून हे पाहणे फार आनंदाचे आहे.

झाकणाची जाळी मात्र जास्तच मोकळी असल्याने माती लवकर सुकते, आणि मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली घेऊन कित्येक आठवडे उपाशी बिळात बसते, तेव्हा हा दोष गंभीर ठरतो.

दार वरून उघडणारे हवे होते. समोरून हात घालताना प्राणी डिवचला जातो आणि शेपटीच्या बुडाजवळच्या ग्रंथींतून मुख्यतः ॲसिटिक आम्लाचा फवारा मारतो. त्यातले कॅप्रिलिक आम्ल कीटकांचे मेणचट कवच भेदायला मदत करते, आणि माणसाच्या डोळ्यांत तो गेल्यास चांगलीच आग होते.