पडीक बिघ्यातलं तण: भट्टीला द्यावं, गोबर गॅसला की डिझेलला?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचं आणि डबरा, भितरवार नाहीतर मुरैन्याच्या अंगाला वडिलोपार्जित थोडी जमीन, अशी मराठी घरं इथे आहेत. त्या जमिनीचा एखादा तुकडा वर्षानुवर्षं पडीक असतो. त्यात विलायती बाभूळ माजलेली, पावसाळ्यात कमरेएवढं गाजर गवत, जवळ डबकं असेल तर त्यावर जलपर्णी. मग घरातलं कुणीतरी विचारतं, की यातून म्हणे इंधन होतं, आपण का करू नये? करता येतं. पण ‘तणापासून इंधन’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे उद्योग येतात. त्यातला कुठला निवडायचा, हे तण किती ओलं आहे यावर ठरतं. यंत्रं विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात नेमकं तेच नसतं.

आधी डिझेलचा पर्याय निकालात काढू. रतनजोत, म्हणजे आपला मोगली एरंड. बियांत साधारण तीस-पस्तीस टक्के तेल. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून त्याचं बायोडिझेल होतं, खाली ग्लिसरीन उरतं. 27 ऑगस्ट 2018 ला डेहराडूनहून दिल्लीला एक विमानही या तेलाचं मिश्रण वापरून आलं. तेव्हा रसायनशास्त्रात खोट नाही, खोट शेतात आहे. 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत इंधनात वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचं लक्ष्य होतं. 2018 च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते पाच टक्क्यांवर आलं आणि मुदत 2030 झाली. कारण साधं होतं. पडीक जमिनीत हे झाड जगतं, पण बी भरघोस देत नाही. भरघोस हवं तर पाणी आणि खत द्यावं लागतं, आणि ते देणारच असाल तर मोहरी का नाही लावायची? शिवाय पेंड विषारी, गुरांना चालत नाही. जुनं किंवा नीट न साठवलेलं बी असेल तर तेलातली आम्लता वाढते आणि तेलाच्या बऱ्याच भागाचा साबण होऊन बसतो. कुंपणाला रतनजोत असेल तर राहू द्या. त्याच्या जिवावर धंदा मांडू नका.

खरी निवड उरते ती बाभूळ जाळण्याची किंवा ओलं तण कुजवण्याची.

विलायती बाभूळ मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. चंबळच्या बेहडात, म्हणजे घळींच्या ओसाड पट्ट्यात, ऐंशीच्या दशकात माती धरून ठेवायला विमानातून तिचं बी टाकलं होतं. गोड शेंगा शेळ्या खातात, लेंड्यांतून बी पसरतं, आणि वरून तोडलं तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात. इंधन म्हणून मात्र ती उत्तम. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण साडेचार हजार किलोकॅलरी, म्हणजे हलक्या प्रतीच्या देशी कोळशाच्या तोडीची उष्णता, आणि राखही थोडी. चिपरने तुकडे करायचे, हॅमर मिलमध्ये भुगा करायचा, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा आणि दाबयंत्रातून ब्रिकेट, म्हणजे भुग्याचे घट्ट ठोकळे, काढायचे. वेगळा डिंक लागत नाही. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुगा धरून ठेवतं. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन ही इथली फुकटची भट्टी आहे. पावसाळ्यात मात्र शेड नसेल तर माल फुगून सुटतो.

अडचण गिऱ्हाइकाची. आपल्याकडे मोहरीचा पट्टा आहे. वीटभट्ट्यांना मोहरीची तुडी, म्हणजे मळणीनंतरचा काडीकचरा, हंगामात सहज मिळते आणि तिला दाबायचा खर्च नसतो. बाभळीच्या ब्रिकेटची राख कमी आणि आच जास्त वेळ टिकते, म्हणून बॉयलरवाला चार पैसे जास्त देईल, वीटभट्टीवाला बहुधा देणार नाही. काट्यांमुळे मजूरही जास्त मागतात, ट्रॅक्टरचे टायर फुटतात ते वेगळंच. आणि बेहडातली झाडी दिसते म्हणून ती आपली होत नाही. बरीचशी वनखात्याची जमीन आहे, चंबळकाठी तर अभयारण्य. स्वतःच्या बिघ्यातलं लाकूड तोडून रस्त्याने न्यायचं असेल तरी आधी वन कार्यालयात विचारून घ्या.

आता ओलं तण. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दोन टनांच्या ट्रॉलीत कोरडा माल शे-दोनशे किलो. ही ट्रॉली दहा किलोमीटर न्यायची म्हणजे डिझेल जाळून पाणी फिरवणं. तळं आणि गोबर गॅसची टाकी एकाच शेतात असतील तरच हा विचार करा. घरगुती दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं. त्यातून महिन्याला साठ घनमीटर गॅस, म्हणजे दोन सिलिंडरांना थोडा कमी. यात शेणाचा काही भाग कमी करून बारीक चिरलेली जलपर्णी घालता येते. न चिरता टाकली तर ती वर तरंगून जाड साय धरते आणि गॅस अडतो. सांडपाण्याच्या नाल्यातली जलपर्णी घेऊ नका. ती जड धातू शोषून घेते आणि ते स्लरीतून, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ मळीतून, तुमच्या पिकात येतात.

गाजर गवत टाकीत कुजतं, पण त्याचा वाटा थोडाच ठेवावा, कारण त्यातलं पार्थेनिन हे विषारी द्रव्य गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना त्रास देतं. आणि फुलावर येण्याआधीच उपटावं, नाहीतर स्लरीबरोबर बी शेतात जाईल. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्याच. खाजेने आणि दम्याने बेजार झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. इंधनापेक्षा कंपोस्ट हा त्याचा जास्त शहाणा उपयोग, असं माझं मत.

थंडीही लक्षात घ्या. टाकीतल्या जिवाणूंना पस्तीस-चाळीस अंश आवडतात. इथे जानेवारीच्या रात्री पारा चार-पाचावर येतो आणि गॅस एकदम घटतो. ग्वाल्हेरच्याच लाल टिपारा गोशाळेत 2024 पासून रोज शंभर टन शेण पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे, तो पाहून हुरूप येतो खरा. पण तिथे शेण एका जागी आयतं मिळतं, आणि तणाचं तसं कधीच नसतं.

म्हणून गोठा असेल, चार-सहा जनावरं असतील आणि पाण्याचं तण बांधापाशीच असेल तर गोबर गॅस. पैसे मिळणार नाहीत, सिलिंडर वाचतील, स्लरीचं खत मिळेल. गोठा नाही आणि बाभूळ दाट आहे, तर जाळण्याचा मार्ग. पण ब्रिकेटचं यंत्र लगेच घेऊ नका. यंत्राला बारा महिने माल लागतो, आणि तुमची बाभूळ एकदा तोडली की पुढची तोड येईपर्यंत काही वर्षं जातात. मग शेजाऱ्यांकडे मागत फिराल, किंवा जी घालवायची होती तीच जोपासत बसाल. जमीन परत पिकाखाली आणायची असेल तर बुंधे मुळासकट खणून काढा आणि ते लाकूडही विका. सरपणच हवं असेल तर बुंधे ठेवा, पण मग तिथे गहू-मोहरीचं नाव काढू नका. हे घरात आधी ठरवा, मग एक ट्रॉली लाकूड तोडून, वाळवून, चालू असलेल्या एखाद्या ब्रिकेटवाल्याला विकून पाहा. मजुरी आणि भाडं वजा जाता हातात काय उरतं ते त्या एका ट्रॉलीत समजेल.