लहान मुलाची कारसीट दहा महिने वापरली, ठाणे ते सावर्डे

गेल्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी घेतली तेव्हा धाकटा १४ महिन्यांचा होता, या महिन्यात दोनचा झाला. मधल्या काळात गणपती, दिवाळी, शिमगा, मे असं चार वेळा घोडबंदर रोडवरून चिपळूणच्या पुढे सावर्ड्याला गेलो, एका बाजूचं अंतर २५० किमीच्या आसपास, आणि एकदा कोल्हापूर झालं. लिहायचं कारण एवढंच की घेताना दुकानदाराने मला रंग आणि डिस्काउंट सोडून काहीच सांगितलं नाही, जे कळायला हवं होतं ते सगळं रस्त्यावर कळलं.

आधी आमच्याकडे पण पोर मांडीवरच असायचं. लेक आता पाच वर्षांची आहे, ती तान्ही असताना अख्खा प्रवास माझ्या नाहीतर सासूबाईंच्या मांडीवर झालाय तिचा. त्यामुळे सीट आली तेव्हा सासूबाईंना अजिबात पटलं नव्हतं, "अगं एवढ्याशा जिवाला बांधून काय नेतेस" म्हणाल्या, आणि खरं सांगते, पहिल्या वेळेला पळस्पे फाटा येईपर्यंत तो इतका रडला की मलाही दोनदा वाटलं घ्यावं उचलून. नाही घेतलं. कर्नाळ्याला गाडी बाजूला लावली, त्याला बाहेर काढलं, डोंगरावरचा तो अंगठ्यासारखा सुळका दाखवला, पाणी पाजलं आणि परत बसवलं. रडला की गाडी थांबवायची पण चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही, हा एक नियम पाळला आणि दिवाळीपर्यंत त्याला सवय लागली. आता स्वतःच हात बाहेर काढून "पट्टा" म्हणतो.

दिवाळीला जाताना माणगावच्या अलीकडे एक बाईक एकदम आडवी आली आणि नवऱ्याने कचकन ब्रेक मारला. माझ्या पायापाशी ठेवलेली फराळाची पिशवी पुढे आपटून डबा उघडला, चकल्यांचा पार चुरा. मी मधल्या सीटवर होते, बेल्ट लावलेला, तरी दोन्ही हात आपोआप पुढच्या सीटवर गेले. धाकटा उलट्या तोंडाने, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसलेला, पाठ आणि डोकं पूर्ण सीटला टेकलेलं, तो जागासुद्धा झाला नाही. मांडीवर असता तर मला धरता आला नसता, माझे स्वतःचे हात कुठे गेले ते मी बघितलं ना. त्या दिवसापासून गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत सासूबाईच पुढून विचारतात, पट्टा लावलास का गं.

उलटं बसवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त बोलणी त्यावरूनच खाल्ली. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची असते, समोर तोंड करून बसलेल्या मुलाचं डोकं जोरात ब्रेक लागला की पुढे फेकलं जातं, उलटं असेल तर तो सगळा जोर पाठीवर विभागला जातो. युरोपात लागू असलेल्या कारसीटच्या आर१२९ या सुरक्षा नियमात १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं असं आहे, पण ते कमीत कमी आहे, १५ महिने झाले म्हणून लगेच फिरवायची गरज नाही. आमची सीट १०५ सेंमी उंचीपर्यंत उलटी चालते, आम्ही तशीच ठेवलीय. पाय दुमडून बसतो, त्याला काही त्रास होत नाही. आणि उलटी सीट पुढे एअरबॅगसमोर कधीही लावू नका, त्याबद्दल दुसरा विचारच नाही.

बसवायला आयसोफिक्स आहे, म्हणजे सीट गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची सोय, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर हिरवे झाले की झालं, नवरा दोन मिनिटांत लावतो. पण सीट उलटी असली की पुढची सीट चांगलीच पुढे घ्यावी लागते. ड्रायव्हरच्या मागे लावली तेव्हा नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत होते, शेवटी सासूबाईंच्या मागे लावली. आणि एका बाजूला ही सीट, दुसरीकडे लेकीचा बूस्टर (मोठ्या मुलांना उंच करणारी बैठक), मधे मी, म्हणजे सहा-सात तास अंग चोरून बसायचं. कंबर दुखते, हे खरं आहे. म्हणून दुकानात तुमची गाडी घेऊन जा आणि लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्हाला १८ हजारांच्या आसपास पडली. त्याआधी नात्यातली एक जुनी फुकट मिळत होती, पण खालच्या प्लास्टिकवर एक्स्पायरी असते ती उलटून गेलेली, आणि एकदा अपघातात सापडलेली सीट परत वापरायची नसते, त्यामुळे जुनी घेणार असाल तर एवढं विचाराच. नवीन घेताना नारिंगी स्टिकर बघा, त्यावर नियमाचा नंबर असतो.

आता तक्रारी. कापड काळं आणि जाड, मे महिन्यात वडखळला नाश्त्याला अर्धा तास उन्हात गाडी लावली तर बकल हात लागेना इतकं तापलं होतं. तेव्हापासून उतरताना ओला पंचा टाकून जातो आणि बसवायच्या आधी मी स्वतःच्या हाताने बकल बघते. पाठीला घाम येतो, मलमलचं पातळ कापड पट्ट्यांच्या खाचा मोकळ्या राहतील असं अंथरते, जाड गादी घालत नाही कारण मग पट्टा ढिला राहतो. खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो ढिला आहे असं समजायचं. शिमग्याला बकलमध्ये बिस्किटाचा चुरा जाऊन ते लागेचना, कोमट पाण्याने धुतलं आणि सुटलं, तेल वगैरे घालू नका. जास्तीच्या कव्हरसाठी कंपनीला तीन महिने फोन केले, दर वेळी नवीन तक्रार नंबर, कव्हर काही आलं नाही. याचे मी गुण कापते.

खाण्याचं म्हणाल तर चालत्या गाडीत धाकट्याला काहीही देत नाही, तोंड मागे असतं, ठसका लागला तर पटकन कळणार नाही, शेंगदाणे तर नाहीच नाही. दर दीड-दोन तासांनी थांबतो, तेव्हाच पोळीचा लाडू किंवा केळं. गाडी लागते ती लेकीला, तिचा मोबाईल बंद करून खिडकीबाहेर बघायला लावलं की बराच फरक पडतो, आणि कशेडीचा बोगदा झाल्यापासून ती घाटातली वळणं वाचलीत ते वेगळंच.

१४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा अशा सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून १००० रुपये दंड आहे, कलम १९४ब. आम्हाला आजपर्यंत कोणी अडवलेलं नाही. पण माणगावची ती चकली मला आठवते. ५ पैकी ४ देते, कव्हर आलं असतं तर पाच दिले असते.