घरी झोपून असलेल्या कॅन्सर रुग्णासाठी एअर बेड: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुढचे उपचार थांबलेत, माणूस घरीच आहे आणि दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात जातो, अशा घराने पहिला खर्च एअर बेडवर, म्हणजे पंपाने आळीपाळीने फुगणाऱ्या हवेच्या गादीवर करावा, हे आमचं मत आता पक्कं झालंय. पाठ सोलवटल्यावर धावपळ करून आणण्यात फार अर्थ नाही. अंगावर मांस न उरलेल्या माणसाची माकडहाडावरची जखम लवकर होते आणि बहुतेक वेळा भरतच नाही.

आम्ही वापरतो ती साधी बबलवाली. पंपाला दोन नळ्या. निम्मे फुगे फुगतात तेव्हा निम्मे बसतात, दर दहा-बारा मिनिटांनी अदलाबदल. खाटेवर आधी कापसाची किंवा फोमची गादी, तिच्यावर ही, फुगे वर, नळ्या पायाकडे.

सगळ्यात जास्त चुकतं ते पंपाचं गोल बटण. टणक म्हणजे चांगली असं समजून घरचे ते शेवटपर्यंत फिरवतात आणि हाडांवरचा दाब उलट वाढतो. रुग्ण उताणा असताना दोन गाद्यांच्या मध्ये, ढुंगणाखाली, हात सरकवा आणि फुगे बदलेपर्यंत तिथेच ठेवा. हाताला हाड टेकलं तर हवा कमी पडतेय. मध्ये इंचभर हवा जाणवली की बटण बरोबर.

दुसरी गोष्ट पांघरुणांची. वर मेणकापड, त्यावर वाकळ, त्यावर चादर असं रचलं की गादी असून नसल्यासारखी. एकच पातळ सुती चादर, तीही सैल, आणि ओलाव्यासाठी एक अंडरपॅड. धुऊन मऊ झालेलं लुगडं उत्तम.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, कणकुंबीकडे पावसाळ्यात करंट गेला की हवा उतरू लागते. पंप अगदी थोड्या वॉटचा असतो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर स्विच बंद करून दोन्ही नळ्या दुमडून सुतळीने घट्ट बांधा. फुगे बदलणार नाहीत, पण हवा काही वेळ टिकते. करंट आल्यावर आधी सुतळी सोडा, मग स्विच.

गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. साध्या गादीवर दर दोन तासांनी बदलावी लागते; एअर बेडवर रात्री त्वचा बघून तीन-चार तासांपर्यंत ताणता येतं. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ओढून सरकवू नका, दोघांनी चादरीसकट उचला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बोटांनी चाचपून गरम किंवा कडक लागतं का ते बघा. तशी जागा चोळायची नाही, तिच्यावर झोपवायचं नाही. खाली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं.

दुखण्यावरच्या मॉर्फिनची साधी, म्हणजे लवकर लागू पडणारी गोळी चालू असेल तर कूस बदलण्याच्या किंवा ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी डोस येईल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून बसवून घ्या. सवय लागेल म्हणून गोळी लपवून ठेवणारी घरं अजून आहेत, आणि कळ सोसणारा माणूस बघवत नाही. गोळीसोबत पोट साफ होण्याचं औषध रोज लागतं, तेही विचारून घ्या.

हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये काहींना फुग्यांची हालचालच दुखते. अशा रुग्णाला चांगला जाड फोम बरा. आणि अगदी शेवटच्या दिवसांत घड्याळ लावून कूस बदलण्याचा हट्ट सोडा. त्याला बरं वाटेल तेवढंच हलवा.

बबल गादीचा मोठा दोष म्हणजे एक भोक पडलं की निम्मे फुगे बसतात. उदबत्ती आणि सेफ्टी पिन लांब ठेवा, उंदरांपासून नळ्या जपा. भोक साबणाच्या पाण्याने सापडतं, सोबतच्या पट्टीने बुजतं. ट्यूबवाल्या गादीत एकच ट्यूब बदलता येते, पण ती महाग. भाड्याने आणत असाल तर रुग्णाला झोपवण्याआधी एक रात्र नुसती फुगवून ठेवा.