भिगवण की नांदूर मध्यमेश्वर: आधी कुठे जाल?

डिसेंबर लागला की पक्षिनिरीक्षणाच्या नव्या गड्यांचा एक ठरलेला प्रश्न येतो. एकच शनिवार-रविवार हाताशी आहे, तर भिगवण गाठावं की नांदूर मध्यमेश्वर? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. चांगले फोटो हवे असतील तर भिगवण. पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर नांदूर. दोन्ही हवं असेल तरीही आधी नांदूर, आणि हे मी पुण्याच्या माणसांनाही सांगतो, ज्यांना भिगवण सोलापूर रस्त्यानं जेमतेम शंभर किलोमीटर पडतं.

भिगवण म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून मच्छीमारांच्या होडीत बसायचं आणि उजाडता उजाडता पाण्यात शिरायचं. फोटोच्या दृष्टीनं सगळी गंमत या होडीत आहे. तुम्ही पाण्याच्या पातळीवर असता, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर. काठावरून, वरून खाली काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. होडीतून मागची पार्श्वभूमी धूसर होते आणि पक्षी उठून येतो. शिवाय सूर्य पाठीशी घ्यायचा तर नावाड्याला सांगून होडी वळवता येते. इथले पक्षी होड्यांना आणि जाळ्यांना सरावलेले असल्यामुळे ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर बरंच काम भागतं. पाण्यातल्या खुंटावर ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी मासा घेऊन बसला असेल तर त्याची पिवळी नजर आणि माशात रुतलेल्या नख्या दिसतील इतक्या जवळ जाता येतं. तो उडताना मासा कसा धरतो तेही बघा: डोकं पुढे, शेपूट मागे, म्हणजे हवेचा अडथळा कमी.

होडीत ट्रायपॉड मात्र बिनकामाचा. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेका आणि शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. दुर्बीण नेणार असाल तर ८×४२, म्हणजे आठ पटीची, बरी. १० पटीची होडीच्या हेलकाव्यानं डोकं उठवते.

आता रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. बहुतेक लोक भिगवणला जातात ते याच्यासाठी, आणि हिरमुसून परततात तेही याच्यामुळेच. रोहित उथळ पाण्यात पायांनी चिखल ढवळतो, चोच उलटी बुडवतो आणि गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. पाऊसमान चांगलं झालं तर उजनी काठोकाठ भरते आणि डिसेंबरात असा चिखल उघडाच पडलेला नसतो. पाणी उतरायला लागलं की जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत थवे दिसायची शक्यता वाढते. २०२३ सारख्या तुटीच्या पावसाळ्यानंतर हे सगळं गणितच बदलतं. त्या वर्षी धरण भरलं नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला. म्हणून कॅलेंडरपेक्षा धरणाच्या टक्केवारीची बातमी बघून तारीख ठरवावी. डिसेंबरातच जायचं असेल तर पट्टकदंब (बार-हेडेड गूज), चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क), कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांच्यावर समाधान मानायची तयारी ठेवा. ते समाधान काही लहान नाही.

भिगवणची एक गोष्ट मला खटकते. गर्दीच्या रविवारी काही होड्या कुरवांना फरसाण टाकून गोळा करतात आणि उडतानाचा फोटो मिळावा म्हणून रोहितांच्या थव्यावर थेट होडी घालतात. हे अभयारण्य नाही, अडवायला दारावर कुणी नाही. त्यामुळे बसण्याआधीच नावाड्याला स्पष्ट सांगायचं, ‘दादा, पक्षी उठवायचे नाहीत.’ बरेच जण ऐकतात. कारण थवा उठवा असा आग्रह मुळात गिऱ्हाइकाचाच असतो.

नांदूर मध्यमेश्वरचा मामला वेगळा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ जुना इंग्रज काळातला बंधारा आहे. मागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. १९८६ पासून हे अभयारण्य आहे आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. इथे पर्यटकांसाठी होडी नाही. चापडगावच्या बाजूनं पायी हिंडायचं, मनोऱ्यावर चढायचं आणि बघत बसायचं.

फोटोवाल्यांची इथे चिडचिड होते. पक्षी लांब, ६०० मिलिमीटरची लेन्सही अपुरी पडते आणि दहा वाजून गेले की तापलेली हवा थरथरायला लागते, कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊ येतो. पण मनोऱ्यावर स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण) लावला की हेच अंतर फायद्याचं ठरतं. पक्ष्यांना तुमची दखलच नसते, ते आपापले उद्योग करत राहतात. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब उपटते, पायाच्या बोटांत धरते आणि आपण ऊस खावा तशी चोचीनं सोलून खाते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून घिरटी मारत आला की पाण्यावर विखुरलेले वारकरी पक्षी (कूट) क्षणात एकमेकांना खेटून काळा गठ्ठा करतात. तो पुढे गेला की पुन्हा पांगतात. असं तासाभरात अनेकदा चालतं. होडीत बसून, पुढच्या फ्रेमच्या मागे लागून हे दिसत नाही.

आणि बदकं. थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू, चक्रवाक एकाच चौकटीत शेजारी शेजारी दिसल्यामुळे आकार, चोच, पोहण्याची ढब यांची तुलना तिथल्या तिथे होते. ओळख पक्की होते ती अशीच. ऑक्टोबरात मात्र नवशिक्यानं जाऊ नये. तेव्हा नर बदकं अजून फिक्या पिसांत असतात, बरीचशी माद्यांसारखी तपकिरी दिसतात आणि उमेद खचते. डिसेंबर-जानेवारीत रंग भरलेले असतात. फक्त स्वेटर-कानटोपी न्या, निफाडचा पारा दर वर्षी उगीच बातम्यांत येत नाही.

दोन्हींपैकी आधी नांदूर म्हणतो ते याचसाठी. ज्याला पक्ष्याची सवय कळली, त्याला ऑस्प्रे उडण्याआधी काय करतो हे माहीत असतं, आणि भिगवणच्या होडीत त्याचं बोट योग्य क्षणी शटरवर असतं. अपवाद दोन. घरातली आजी-आजोबा मंडळी सोबत असतील तर भिगवण सोयीचं, कारण चालणं नाही आणि दुपारी कुंभारगावात चिलापीचं कालवण आणि भाकरी. आणि माळरानावरचे धाविक (कोर्सर), पखुर्डी (सँडग्राउज) हे पक्षी, जमलं तर चिंकारा बघायचा असेल, तर भिगवणहून कडबनवाडीचं गवताळ रान जवळ आहे. नांदूरला असा जोड नाही.

खर्चाचं म्हणाल तर भिगवणला होडीचं भाडं सहसा अख्ख्या होडीचं असतं, चौघं मिळून गेलात तर परवडतं. नांदूरला वनखात्याचं प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं वेगळं, आणि स्थानिक गाइड. गाइड घ्याच.

निघण्याआधी फोन करा, पण ‘पक्षी आलेत का?’ असं विचारू नका. उत्तर ‘या की, भरपूर आहेत’ असंच येतं. भिगवणला विचारा की पाणी किती उतरलंय आणि चिखल कुठे उघडा पडलाय. नांदूरला विचारा की कालव्याचं आवर्तन चालू आहे का आणि वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून पाणी सोडलंय का; पातळी चढली असेल तर उथळ पाण्यातली मंडळी त्या आठवड्यात दुसरीकडे पांगलेली असतात.