हेडसेट सोबत नेऊन घेतलेला गॉगल: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी उत्तर महाराष्ट्रातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची तयारी करीत आहे. तिच्यासाठी गेल्या वर्षी नाशिकमध्ये, महात्मा गांधी रस्त्यावरील एका जुन्या चष्म्याच्या दुकानातून गॉगल करून घेतला. तो आता चौदा महिने जवळजवळ रोज वापरात आहे, म्हणून त्याविषयी आणि त्या दुकानाच्या कामाविषयी लिहीत आहे. मी स्वतः ओझरच्या विमान कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर होतो आणि निवृत्त होऊनही कोणतीही वस्तू हातात आली की ती कुठे तुटेल हे आधी शोधण्याची सवय गेलेली नाही. नाशिकच्या आकाशात लढाऊ विमाने आणि गांधीनगरच्या लष्करी तळावरील हेलिकॉप्टर नेहमी दिसतात. परंतु हेल्मेट घालून उडणाऱ्यांना व्हायझर, म्हणजे डोळ्यांपुढे ओढायची काच, असते आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. हे लिखाण हेडसेट लावून लहान विमान चालवणाऱ्यांसाठी आहे.

पहिला गॉगल आम्ही एका मोठ्या दालनातून घेतला होता. काड्या जाड प्लास्टिकच्या, काचा पोलराइज्ड म्हणजे चकाकी अडवणाऱ्या, आणि आरशात तो मुलीला फार शोभून दिसत होता. पाचव्या महिन्यात त्याची डावी काडी बिजागरापाशी तुटली. दालनात विचारले असता बिजागर साच्यातच बसवलेले असल्यामुळे बदलता येत नाही, नवा गॉगल घ्यावा, असे उत्तर मिळाले. काचांवर तोपर्यंत एकही चरा नव्हता. टिकाऊ गॉगल म्हणजे न फुटणारी काच, अशी माझीही समजूत होती. ती त्या दिवशी बदलली. काच बहुधा टिकते, गॉगल मोडतो तो बिजागरात आणि काडीत, आणि वैमानिकाच्या बाबतीत तो तिथे मोडण्याला हेडसेट हे सरळ कारण आहे.

हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. प्रशिक्षणार्थी वैमानिक दिवसाकाठी आठ-दहा वेळा गॉगल काढतो आणि घालतो: विमानाची बाहेरून तपासणी करताना, आत बसल्यावर, ढगाखाली गेल्यावर, नकाशा पाहताना. वर्षाचा हिशोब केला तर ही संख्या अडीच-तीन हजारांच्या घरात जाते. त्यातही एक हात नियंत्रणावर असल्यामुळे गॉगल बहुतेक वेळा एकाच हाताने, एकाच बाजूने ओढून काढला जातो. दुसऱ्या बाजूची काडी हेडसेटच्या गादीखाली दाबलेली असते, ती सहज सुटत नाही, आणि सगळा पीळ बिजागरावर येतो. कानामागे वळलेली काडी असेल तर गॉगल काढण्यासाठी हेडसेटची वाटी उचलावीच लागते. म्हणून जुन्या वैमानिकी गॉगलना सरळ, चपट्या आणि शेवटी न वळलेल्या काड्या असत. संगिनीसारख्या सरळ म्हणून त्यांना बायोनेट काड्या म्हणतात. अमेरिकन ऑप्टिकलचा १९५८ चा एफजी-५८ हा गॉगल असाच होता, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेली मॅसॅच्युसेट्समधील रँडॉल्फ ही कंपनी आजही त्याच धाटणीच्या फ्रेम बनवते. हेडसेट डोक्यावर असताना अशी काडी समोरून आत सरकते आणि समोरच ओढली की बाहेर येते.

जाड काडीचा दुसरा तोटा आवाजाचा आहे. मुलीचा हेडसेट डेव्हिड क्लार्कचा, हिरव्या वाट्यांचा, कोणतीही इलेक्ट्रॉनिक योजना नसलेला आहे. आवाज अडवण्याचे सगळे काम त्याच्या गाद्या कानाभोवती घट्ट बसण्यावर अवलंबून असते. काडी जिथे गादीखालून जाते तिथे फट राहते आणि इंजिनाचा आवाज त्या फटीतून आत येतो. व्हर्नियरने मोजले तेव्हा पहिल्या गॉगलची काडी कानाच्या वर साडेपाच मिलिमीटर जाड निघाली, नव्या फ्रेमची दीड मिलिमीटरहूनही कमी. तासाभराच्या उड्डाणानंतर कानशिलावर पडणारा वळ आणि त्याबरोबर येणारी डोकेदुखी, या दोन्ही तक्रारी नव्या गॉगलनंतर मुलीने पुन्हा केलेल्या नाहीत.

दुकानाबद्दल माझे मत पहिल्याच भेटीत चांगले झाले. गॉगल कशासाठी हवा हे सांगितल्यावर काउंटरमागच्या वयस्कर गृहस्थांनी एकही फ्रेम पुढे न ठेवता विचारले, “ताई, तुमचा तो कानाचा हेडफोन आणला आहे का? तो लावूनच बघावं लागेल.” आम्ही तो नेला नव्हता. दुसऱ्या दिवशी नेला, आणि सव्वा तास हेडसेट लावून सहा-सात फ्रेम घालून काढून पाहिल्या. काडीच्या आतल्या बाजूला छापलेले आकडे कसे वाचावेत हेही त्यांनी मुलीला समजावून सांगितले: ५५, १४, १४० म्हणजे काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाचे अंतर आणि काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. सरळ काडी कानामागे अडकत नसल्यामुळे गॉगल नाकावरून घसरू न देण्याचे काम पूल आणि नाकाच्या गाद्या करतात. म्हणून बायोनेट फ्रेममध्ये पुलाचे माप चुकले की सगळेच चुकते. मुलीला ५८ ची फ्रेम आवडली होती, पण ती खाली पाहताना सरकत होती. शेवटी ५५ ची घेतली.

फ्रेमच्या धातूवरून माझी आणि मुलीची थोडी वादावादी झाली. तिला टायटॅनियम हवे होते. ते हलके असते, घामाने गंजत नाही आणि ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. मी मोनेलचा आग्रह धरला. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू आहे, टायटॅनियमपेक्षा जड आहे, पण गंजाला चांगला टिकतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा सांधा निखळला तर चांदीच्या झाळणाने तो पुन्हा जोडता येतो. टायटॅनियम तापल्यावर हवेतील वायू शोषून ठिसूळ होते, म्हणून त्याचा सांधा लेझरने किंवा निष्क्रिय वायूच्या आवरणात जोडावा लागतो. आपल्या गावात पटकन होणारे ते काम नव्हे. या दुकानातील झाळणीची कामे सराफ बाजारातील एका कारागिराकडे जातात, असे त्यांनी सांगितले. मुलीच्या त्वचेला निकेलचा त्रास नाही याची खात्री करून घेतल्यावर मोनेलच ठरले. ज्यांना घड्याळाच्या पट्ट्याने किंवा कर्णफुलाने खाज सुटते त्यांनी मात्र माझे ऐकू नये, टायटॅनियमच घ्यावे.

बिजागर पाच कड्यांचे, साधे घेतले. स्प्रिंगचे बिजागर घालायला सुखाचे असते आणि दुकानात हाताळताना फार मजबूत वाटते, पण आतली बारीक स्प्रिंग थकली की ती बदलता येत नाही. साध्या बिजागरात बिघडण्यासारखी एकच वस्तू असते, ती म्हणजे स्क्रू. विमानाच्या थरथरीने स्क्रू हळूहळू सुटत जातो. विमानात महत्त्वाच्या प्रत्येक स्क्रूला तार, पिन किंवा चिकट द्रव्य लावून तो अडवून ठेवतात. गॉगलच्या स्क्रूला कोणी काही लावत नाही आणि मग तो नेमका धावपट्टीवर पडतो. इथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. स्क्रू अडवण्याचे लॉकटाइटसारखे द्रव्य पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या काचेला लागले तर काचेत बारीक भेगा जातात. दुकानदारांना हे ठाऊक होते. त्यांनी काचा उतरवून, बिजागराच्या स्क्रूला टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावला, तो वाळू दिला आणि मगच काचा बसवल्या. चौदा महिन्यांत एकही स्क्रू सैल झालेला नाही.

काचेच्या पदार्थांपैकी खऱ्या काचेला चरे सर्वांत कमी पडतात, पण ती जड असते. सीआर-३९ हे प्लास्टिक स्वस्त आणि स्वच्छ दिसणारे आहे, मात्र आघाताला कमी टिकते. पॉलिकार्बोनेट आघाताला उत्तम टिकते, परंतु कडक लेप नसेल तर लवकर ओरखडते, ॲसिटोनने खराब होते, आणि मोठा नंबर असेल तर काचेच्या कडेला पाहताना वस्तूंच्या कडांना रंगाची किनार दिसते. आम्ही ट्रायव्हेक्स नावाचे प्लास्टिक घेतले, जे २००१ मध्ये बाजारात आले. ते आघाताला पॉलिकार्बोनेटच्या जवळपास टिकते, वजनाला त्याहून हलके आहे, रसायनांना अधिक सोसते आणि कडेला अधिक स्वच्छ दिसते. प्रयोगशाळेतून काचा येण्यास नऊ दिवस लागले आणि किंमतही पॉलिकार्बोनेटपेक्षा बरीच अधिक पडली. समोरच्या काचेवर पक्षी आदळण्याची शक्यता असलेल्या कामात मला तो खर्च योग्य वाटतो.

पोलराइज्ड काचेविषयी प्रशिक्षकांनी मुलीला आधीच सांगितले होते, आणि अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या वैमानिकांसाठीच्या मार्गदर्शनातही अशा काचा वापरू नयेत असेच म्हटले आहे. कारण समजून घेण्यासारखे आहे. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश स्वतःच एका दिशेने ध्रुवित असतो, त्यामुळे मान तिरपी केली की पोलराइज्ड काचेतून तो पडदा काळवंडतो. विमानाच्या समोरच्या काचेतील ताणही अशा काचेतून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे दिसू लागतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे दुसऱ्या विमानाच्या पंखावर चमकणारे ऊन ही त्याची पहिली खूण असते, आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच चमक पुसू शकते. गंगापूर धरणाच्या पाण्याकडे पाहण्यासाठी पोलराइज्ड काच फार छान आहे. कॉकपिटमध्ये ती नको.

रंग राखाडी घेतला. राखाडी काच सर्व रंग सारख्याच प्रमाणात मंद करते, आणि उतरताना विमान योग्य उंचीवर असल्याची खूण म्हणून धावपट्टीच्या बाजूचे चार दिवे दोन पांढरे, दोन लाल असे दिसले पाहिजेत तेव्हा रंगात जराही फरक पडून चालत नाही. तपकिरी काच धूसर हवेत उठाव वाढवते आणि काही वैमानिकांना तीच आवडते. ती चूक नव्हे. पिवळ्या काचेपासून मात्र दूर राहावे. काच किती गडद असावी याबाबत दुकानात थोडा घोळ झाला. त्याच मार्गदर्शनाप्रमाणे वैमानिकाच्या काचेतून १५ ते ३० टक्के प्रकाश आत यावा. बाजारातील गॉगलवर ‘कॅटेगरी ३’ लिहिलेले असते तेव्हा तो आकडा ८ ते १८ टक्के यांमध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे त्यातल्या पुष्कळ काचा कॉकपिटसाठी जास्तच काळ्या ठरतात. ‘कॅटेगरी ४’ तर गाडी चालवतानाही वापरायची नसते. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘८० टक्के टिंट’ म्हणजे २० टक्के प्रकाश आत येणारी काच. आमची ऑर्डर आधी उलटी समजली गेली होती, पण ती पाठवण्यापूर्वी दुकानदारांनी फोन करून खात्री करून घेतली. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा आम्ही विचारातही घेतल्या नाहीत, कारण त्या अतिनील किरणांवर चालतात, विमानाची काच त्या किरणांचा मोठा भाग आधीच अडवते, आणि सावलीत आल्यावर त्यांना फिकट होण्यास वेळ लागतो.

अतिनील किरणांचे प्रमाण दर १००० मीटर उंचीला सुमारे १० टक्क्यांनी वाढते. काचेचा काळेपणा आणि या किरणांपासून मिळणारे संरक्षण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट, संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अधिक किरण आत जातात. केवळ स्टिकरवर न विसंबता दुकानातील मापकावर काच तपासून घ्यावी. आमच्यासमोर ती तपासली गेली. काच सरळ आहे की नाही हे मात्र कोणालाही पाहता येते. गॉगल हातभर लांब धरून त्यातून खिडकीच्या गजाकडे पाहावे आणि गॉगल हळू हलवावा. गज वाकलेला किंवा लहरता दिसला तर ती काच परत करावी.

मुलीला उणे सव्वाचा नंबर आहे, त्यामुळे वैद्यकीय तपासणीच्या नियमानुसार नंबरचा एक जास्तीचा चष्मा उड्डाणात जवळ बाळगावा लागतो. नंबरचा गॉगल आणि पांढऱ्या काचेचा चष्मा अशी जोडी एकाच वेळी, एकाच तपासणीवरून करून घेतली.

आतापर्यंत नाकाच्या गाद्या एकदा पिवळ्या पडल्या म्हणून बदलल्या, तेही विनामूल्य, आणि एकदा बॅगेत दबून वाकलेली उजवी काडी पाच मिनिटांत सरळ करून मिळाली. डाव्या काचेवर कडेला एक बारीक चरा आहे. तो धुळीच्या दिवशी ओढणीने कोरडी काच पुसल्यामुळे पडला. आधी पाण्याने धुऊन मगच पुसायची, हे तेव्हापासून पाळले जाते. कडक उन्हात उभ्या विमानात किंवा मोटारीच्या पुढच्या काचेखाली गॉगल ठेवायचा नाही, हेही, कारण एवढ्या उष्णतेने काचेवरचा लेप तडकतो.

माझी तक्रार एकच आहे, ती डबीची. गॉगलसोबत मिळालेली कडक डबी एवढी मोठी आहे की उड्डाणाच्या बॅगेच्या बाजूच्या खिशात ती बसत नाही, आणि मुलगी मग गॉगल मऊ पिशवीत ठेवते; काडी वाकली ती त्यामुळेच. दुकानदारांनी सरळ काड्यांच्या फ्रेमसाठी अरुंद डबी मागवली आहे. ती आली की जुनी परत करायची, असे ठरले आहे.