कॉसमॉस १४४३ आणि कॉसमॉस १६८६: सल्यूत ७ ची दोन मानवरहित जोडयाने

सोव्हिएत संघाने सल्यूत ७ या अंतराळस्थानकाला जोडलेली ही दोन्ही याने एकाच टीकेएस (स्थानकाला माल पुरवणारे सोव्हिएत यान) बनावटीची, प्रत्येकी सुमारे २० टन वजनाची होती. मात्र त्यांच्याकडून करून घेतलेले काम वेगळे होते.

मार्च १९८३ मध्ये जोडले गेलेले कॉसमॉस १४४३ मुख्यतः मालवाहू ठरले. त्याने आणलेल्या जादा सौरपट्ट्या ल्याखोव आणि अलेक्सांद्रोव या अंतराळवीरांनी नोव्हेंबरमध्ये स्थानकाबाहेर पडून बसवल्या. यान स्वतः ऑगस्टमध्येच वेगळे झाले होते आणि त्याची परतकुपी सुमारे ३५० किलो सामान घेऊन पृथ्वीवर सुखरूप उतरली होती. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा तेथे पोहोचले, तेव्हा स्थानकाला असे कोणतेही यान जोडलेले नव्हते.

ऑक्टोबर १९८५ मध्ये आलेल्या कॉसमॉस १६८६ च्या कुपीतील उतरण्याची यंत्रणा काढून तेथे दुर्बिणीसह वैज्ञानिक उपकरणे बसवली होती. परतीचा मार्ग असा मुद्दाम बंद केल्यामुळेच ते स्थानकाचे कायमचे दालन झाले. स्थानकावरील तुकडीचे प्रमुख व्लादिमिर वास्युतिन आजारी पडल्याने नोव्हेंबरमध्ये मोहीम आटोपती घ्यावी लागली आणि या दालनाचा पुरेसा उपयोग झाला नाही, ही खरोखर हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

यान म्हणून १४४३ सरस असले, तरी स्थानकाचा विस्तार या कसोटीवर माझे मत निःसंशय १६८६ ला आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये वातावरणात शिरतानाही ते सल्यूतला जोडलेलेच होते.